एक थांबा अलीकडे

डोळा लागता लागत नाही. जगदाळेबाई रागावलेल्या आहेत, आणि त्यांचा राग एकदा चढला की दुपारची झोपसुद्धा दारातूनच परत फिरते.

चैत्रातला शनिवार आहे. जेवण होऊन अर्धा तास झाला आहे. बाई माजघरातल्या गार फरशीवर चटई टाकून आडव्या झाल्या आहेत, दुखरा डावा गुडघा उशीवर ठेवून. खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेली नारायणपेठ साडी तयार आहे. शेजारी पर्स, आणि पर्समध्ये चार घड्या घातलेला फुलस्केप कागद. हा कागद संध्याकाळी पाच वाजता हायस्कूलच्या हॉलमध्ये, माइकवरून, सगळ्या गावासमोर वाचायचा आहे. आवाज खणखणीत निघायला हवा म्हणून जरा पडून घ्यावं, एवढाच बेत आहे.

झालं असं, की परवा दारात निमंत्रणपत्रिका आली. गुळगुळीत, रंगीत. ‘आईची नजर : कै. द्वारका कुबल यांनी टिपलेल्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन.’ वर मोठ्ठा फोटो. घरट्याच्या काठावर पंख पसरून उभा असलेला समुद्री गरुड, इकडे ज्याला काकण म्हणतात तो, आणि त्याच्या मागे नुसता निळा समुद्र. खाली बारीक अक्षरात, ‘दीपप्रज्वलन : श्रीमती विजयमाला जगदाळे, कै. कुबलबाईंच्या सहकारी.’

सहकारी! बाईंनी तो शब्द परवापासून शंभर वेळा तोंडात घोळवला आहे, आणि दर वेळी तो घशात अडकला आहे. अहो, तो काकण जगदाळेबाईंनी टिपलेला आहे. बोट त्यांचं, डोळा त्यांचा, श्वास रोखून धरल्यामुळे आलेली चक्करसुद्धा त्यांची. आणि नाव कुणाचं? तर जी त्या वेळी शेजारी बसून छत्री धरत होती तिचं.

कुबलबाई गणिताच्या, जगदाळेबाई भूगोलाच्या. एकाच हायस्कूलमध्ये दोघींनी नोकरी केली, आणि सव्वीस वर्षं फाल्गुन-चैत्रातल्या दर शनिवारी एकच उद्योग केला. सकाळची शाळा सुटली की भाकरी बांधून घ्यायची, बाराची एसटी पकडायची आणि सड्यावरच्या उघड्या कातळावर, कड्यावर, समुद्राच्या बाजूला भटकायचं. कॅमेरा दोघींत एक. भांडण नको म्हणून कुबलबाईंनी गणिती तोडगा काढला होता. सम तारखेला बटण कुबलबाई दाबणार, विषम तारखेला जगदाळेबाई. जिची पाळी नसेल तिने काळी मोठी छत्री आडवी धरायची. त्या छत्रीमागे दोघी लपायच्या, आणि भिंगावर ऊनही पडायचं नाही. खाऱ्या हवेने कॅमेऱ्याला बुरशी धरू नये म्हणून तो कुबलबाईंच्या घरी तांदळाच्या डब्यात पुरलेला असे. छत्री जगदाळेबाईंच्या घरी, दारामागे.

दोन वर्षांपूर्वी कुबलबाई गेल्या, झोपेतच. त्यांचा मुलगा गुरुनाथ किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या भाड्याने देतो. त्याला तांदळाच्या डब्यात कॅमेरा सापडला, कपाटात फोटो सापडले, आणि त्याला आईचा उमाळा आला. येऊ दे, चांगलंच आहे. पण दारामागच्या छत्रीची चौकशी त्याने केली का? नाही केली. पत्रिका द्यायला आला तेव्हा मात्र गोड आवाजात म्हणाला, "बाई, आईने जागा कधी कोणाक सांगूक नाय. तुमका ठाऊक असतीत तर लिवन द्या. गेस्ट लोकांका नेवक बरा." बाईंनी तेव्हा आठवत नाही म्हणून सांगितलं होतं. मग पत्रिका उघडली, ‘सहकारी’ वाचलं, आणि आठवायला लागलं.

सगळंच आठवलं. जुन्या डायऱ्या काढून दोन दिवस खपून बाईंनी यादी केली. तीन रकाने. तारीख, जागा, बटण कुणी दाबलं. नुसत्या तारखा लिहिल्या तर लोक म्हणतील, म्हातारीने घरबसल्या रचल्या. म्हणून जागा लिहिल्या, अगदी विहीर, पाणंद, झाड यांच्यासकट. पहिल्या ओळीत काकण. तेवीस मार्च, विषम तारीख, जगदाळे. आणि भूगोलाच्या बाईला नकाशा काढल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मागच्या बाजूला नकाशा. खाली सही. आता म्हणा सहकारी.

पंखा घरघरतो आहे. घरघर जड होते, गिअर पडल्यासारखी. बाई डोळे न उघडताच म्हणतात, "सरका जरा."

"सरकतंय, सरकतंय. घाटावरची माणसा तुमी, बसाक सगळो बाक व्हयो तुमका."

बाराची एसटी आहे. खिडकीशी कुबलबाई बसल्या आहेत, शाळेतलीच ती निळ्या काठाची साडी नेसून. मांडीवर तांदळाचा डबा आहे आणि उजवा हात कोपरापर्यंत तांदळात. बाहेर पांगारा फुलला आहे, काजूला मोहोर आहे, आणि उघड्या खिडकीतून सुरंगीच्या फुलांचा वास येतो आहे.

कुबलबाई मेलेल्या आहेत हे जगदाळेबाईंना पक्कं ठाऊक आहे. दहाव्याला त्या स्वतः गेल्या होत्या, आणि कावळा शिवायला वेळ लागला म्हणून तिथेही मनातल्या मनात भांडल्या होत्या. पण भांडायचं ठरवून बसलेल्याला समोरची बाई जिवंत की मेलेली याने फारसा फरक पडत नाही. शाळेत दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या. एसटी खाडीचा पूल ओलांडून गेली की अगं-तुगं. आता पूल मागे पडला आहे.

"दोन वर्षं कुठे होतीस गं?"

"मी मेलंय गो."

"ते माहीत आहे. न सांगता. आणि ते पण सतरा तारखेला. सतरा विषम. माझी पाळी होती."

"मगे काय तू मरतलंस?"

"माझ्या पाळीत तू काही करायचं नाही, असं ठरलं होतं."

कुबलबाई तांदळात हात फिरवत राहतात. चार दाणे खाली सांडतात, ते वेचायला कुणी वाकत नाही.

"आणि तुझ्या लाडक्या मुलाने काय केलंय, ठाऊक आहे?" जगदाळेबाईंचा आवाज चढतो. "सत्तेचाळीस फोटो लावलेत. सगळ्यांखाली तुझं नाव. काकणाच्यासुद्धा! तेवीस मार्च होती त्या दिवशी. तू छत्री धरून बसली होतीस, आणि हात अवघडला म्हणून मला शिव्या देत होतीस."

"फोटो तुझो. मी खंय नाय म्हणतंय?"

एवढ्या सरळ कबुलीने जगदाळेबाईंचा राग कमी व्हायचा तो उलट वाढतो. दोन दिवस घोकलेलं भांडण असं पहिल्याच वाक्यात संपवून टाकायचं म्हणजे काय!

"मग सांग त्याला."

"मेल्यार कसा सांगू? तू सांग."

"सांगणारच आहे. पाच वाजता, माइकवरून. सगळं लिहून काढलंय." बाई पर्सकडे हात नेतात. पर्सऐवजी हाताला हजेरीचा पट लागतो, आणि बाकांवर आठवी ब बसलेली आहे. गाडी मात्र चालूच आहे. कंडक्टर बाकांमधून हजेरी घेत घेत येतो आणि त्यांच्यापाशी थांबतो.

"खंय?"

"चिंचेचो तिठो, दोन," कुबलबाई म्हणतात. "माहेराक जातंव."

हे त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या आहेत. चिंचेच्या तिठ्यावर ना कुबलबाईंचं माहेर, ना जगदाळेबाईंचं. एकीचं माहेर याच गावात, दोन घरं सोडून. दुसरीचं घाटावर, साताऱ्याकडे. पण हा त्यांचा कायदा होता. खऱ्या थांब्यावर कधी उतरायचं नाही. एक थांबा अलीकडे उतरायचं, गाडी धुरळा उडवत दिसेनाशी झाली की मग चालायला लागायचं. आपण कुठे जातो हे ड्रायव्हरलासुद्धा कळता कामा नये.

हा कायदा काही हौसेने झालेला नव्हता. तिसऱ्या वर्षी जुन्या चिरेखाणीत शृंगी घुबडाची दोन पिल्लं सापडली होती. एकीने आनंदाच्या भरात ती गोष्ट भर एसटीत, शेजारच्या पाहुण्यांना, खाणाखुणांसकट सांगितली. पुढच्या शनिवारी दोघी गेल्या तर खाणीत मेळा भरलेला. मधे येणारी झुडपं तोडलेली, आणि उजेड बरा मिळावा म्हणून पिल्लं कपारीतून काढून भर उन्हात दगडावर मांडलेली. त्यातलं एक दुपारीच गेलं, मुंग्या लागल्या होत्या. त्या दिवशी जीभ जगदाळेबाईंची सुटली होती. कुबलबाईंनी ते पुढे कधी बोलून दाखवलं नाही, फक्त पुढच्या शनिवारी एक थांबा अलीकडे उतरल्या.

"माहेर कसलं डोंबलाचं!" जगदाळेबाई म्हणतात. आज त्यांना या लपवाछपवीचासुद्धा राग आला आहे. लपवून लपवूनच तर त्यांच्यावर ही वेळ आली. "आम्ही काकण बघायला चाललोय. काकणाचा फोटो मी काढलाय. आणि आमचा थांबा..."

त्या थांब्याचं नाव सांगतात, खरं नाव. ते नाव इथे लिहायचं नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आठवी ब मागे वळून बघते. मग एकेक जण बाकाखाली वाकतो आणि तांदळाचा डबा वर काढतो. सगळ्यांकडे डबे आहेत. सगळ्यांचे हात तांदळात, आणि तांदळातून कॅमेरे निघतात, हातभर लांब भिंगांचे. कंडक्टर घंटी ओढतो.

"जगदाळे," कुबलबाई हळूच म्हणतात, "ह्या तू काय केलंस?"

सडा. पाय खाली टेकवायच्या आधीच सडा आला आहे. काळा कातळ तापलेला, मधेमधे वाळलेलं गवत गुडघ्याएवढं. चालताना साडीच्या काठाला कुसळं धरतात. लांब खाली समुद्र चमकतो आहे. अशा दुपारी इथे कुणीच नसतं. चंडोल वर चढत गात असतो, पाण्याची बाटली दोघींत फिरत असते, आणि कुबलबाई शाळेतल्या कुणाकुणाच्या नकला करत असतात. बाईंच्या आयुष्यातलं सगळं बरं जे काही आहे ते याच सड्यावर घडलेलं आहे.

आज मागे शंभर पावलं वाजत आहेत. बाई वळून बघतात. माणसंच माणसं, टोप्या घातलेली. प्रत्येकाच्या हातात एकेक फुलस्केप कागद, आणि त्या कागदावर बाईंचंच अक्षर, वळणदार, सुवाच्य.

"बाई," एक जण नम्रपणे विचारतो, "तुमच्या नकाशात विहिरीपासून पावलं किती दिली आहेत?"

"दोनशे दहा. वायव्येला," बाई म्हणतात. तीस वर्षं प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. जीभ चावेपर्यंत उत्तर तोंडातून बाहेर.

"उत्तम नकाशा आहे हो. दिशा, प्रमाण, सगळं व्यवस्थित."

आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे, क्षणभर बाईंना बरं वाटतं.

शाळेचा व्हरांडा लागतो. सड्यावर व्हरांडा कुठून आला, हे विचारायला वेळ नाही. व्हरांड्याच्या टोकाला कडा आहे, आणि कड्यावर ते झाड. उंच शेंड्यात काटक्यांचा भारा रचल्यासारखं घरटं. काठावर पिल्लू, तपकिरी, बावळट, उडायला अजून पंधरा दिवस असलेलं. वरती काकण घिरट्या घालतो आहे, ओरडतो आहे, आणि खाली उतरू शकत नाही. झाडाखाली माणसं मावत नाहीत. कुणीतरी शिडी लावली आहे. कोयत्याचा आवाज येतो. समुद्राकडची फांदी मधे येते म्हणे. निळं बॅकग्राउंड मिळत नाही म्हणे, त्या पत्रिकेतल्यासारखं.

"अरे उतर!" बाई किंचाळतात. "लाज नाही वाटत? कोयता टाक आधी! कोण रे तुम्ही? कुणी सांगितलं तुम्हाला इथलं?"

शंभर माणसं एकदम कागद वर धरतात. खाली सही. विजयमाला जगदाळे, निवृत्त भूगोल शिक्षिका.

बाईंच्या हातात छत्री आहे. त्या ती उघडतात आणि माणसांच्या आणि झाडाच्या मधे धरतात. एक छत्री, शंभर माणसं. कुणी ढकलतसुद्धा नाही, सगळे नुसते बाजूने पुढे जातात. पहिली फांदी कडकन मोडते.

मग झाडाखाली दोघीच असतात. माणसं कुठे गेली ते कळत नाही. फांदी खाली पडलेली आहे, तिची पानं अजून हलत आहेत. वर घरट्याकडे मान करायचं बाईंना धाडस होत नाही.

कुबलबाई समोर उभ्या आहेत, आणि जगदाळेबाईंनी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलेलं नाही. कॉपी करणाऱ्या पोरांवरसुद्धा एवढ्या नाही.

"नावासाठी?" त्या विचारतात. "नावासाठी जागा इकलंस?"

"विकली नाही. पुरावा म्हणून लिहिली."

"पुरावो! घुबडाच्या पिल्लाच्या वक्ताक काय होता? तेवाही तूच सांगलंस. मी तुका येक शब्द बोलूक नाय. इतकी वर्सा बोलूक नाय."

"मग आता बोललीस ना! झालं समाधान?" जगदाळेबाई आणखी मोठ्याने बोलतात. "हो, नावासाठी! का नको नाव? तीस वर्षं मी या गावात राहिले. तीस वर्षं मी घाटावरची. अजून बाजारात मासेवाली मला बघितलं की भाव वाढवते. तू सगळ्यांची होतीस. तुला मुलगा, सून, आख्खी कुबलांची वाडी. माझं इथे काय आहे? तो एक काकण. तेवीस मार्चचा. तो पण तुझ्या घरात गेला."

कुबलबाई वाकून मोडलेली फांदी बाजूला सारतात.

"आणि तू गेलीस," जगदाळेबाई म्हणतात. "शनिवार दर आठवड्याला येतो. बारा वाजतात, एसटी दारावरून जाते. कुणी विचारत नाही, बाई, येताय का. छत्री दारामागे आहे तशीच आहे."

वारा सुटतो. कुबलबाई पदराने तोंड पुसतात, मग तोच पदर पुढे करतात. जगदाळेबाई तो घेत नाहीत, आपल्या पदराने नाक पुसतात.

"नाव वाच," कुबलबाई म्हणतात. "मोठ्यान वाच. माज्या झिलाच्या, गुरुनाथाच्या कानात जावंदे. विषम तारखेचे सगळे तुजे, ह्या मी सांगलंय म्हणान सांग."

"मेलेल्या बाईने सांगितलं, असं माइकवरून सांगू?"

"तुका कोण अडवतलो? तुज्या तोंडाक लागतलो कोण?"

जगदाळेबाईंना हसू येतं, आणि हसू आलं याचा रागही येतो.

"पण जागा नाय," कुबलबाई म्हणतात. "येक पण जागा नाय. ह्या वर्सा पण पिल्लू आसा थय. उद्या रविवार. पाच वाजता तू वाचलंस, तर सकाळी सात वाजता गुरुनाथाच्या गाड्ये थय उभे रवतले. तुका ठाऊक आसा, माका ठाऊक आसा. आता माका कोण इचारूक येवचा नाय. उरलंस तू."

एसटीचा हॉर्न वाजतो. दोघी बाकावर बसलेल्या आहेत, खिडकीशी कुबलबाई, मांडीवर डबा. गाडीत दुसरं कुणी नाही. बाहेर सडा मागे जातो आहे, पांगारा, काजू, पुन्हा सडा. खाडीचा पूल लागतो, पण गाडी गावाकडे वळत नाही.

"उतर," कुबलबाई म्हणतात.

"इथे? माझा थांबा पुढचा आहे. तुझ्याबरोबर येते ना मी."

"म्हणानच सांगतंय. येक थांबो अलीकडे उतराचा. ठरलेला आसा."

"तो तुझा कायदा. मला नाही मान्य."

"आज तारीख किती?"

जगदाळेबाई बोटांवर मोजतात. "अठ्ठावीस."

"सम. माजी पाळी," कुबलबाई म्हणतात आणि घंटीची दोरी ओढतात. "मी सांगान ता ऐकाचा. चल, उतर बगया."

पंखा घरघरतो आहे. बाईंच्या गालावर चटईचे वळ उठले आहेत. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. अंगणात कुणाची तरी कोंबडी कलकलाट करते आहे.

बाई उठून बसतात. गुडघा कुरकुरतो. काही तरी टोचतं आहे, घोट्यापाशी. त्या साडीचा काठ ओढून जवळ घेतात, मग चष्मा शोधून डोळ्यांवर लावतात आणि पुन्हा बघतात.

काठभर कुसळं लागली आहेत. वीतभर काठात वीसेक तरी असतील, शेपट्या पिळवटून एकमेकांत गुंतलेली, सड्यावरच्या गवताची असतात तशी. ही घरातली साडी आहे. काल धुतली, मागल्या दारी दोरीवर वाळली, सकाळी नेसली. मागल्या दारी अळू आहे आणि केळ आहे. गुडघ्याने दगा दिल्यापासून, म्हणजे कुबलबाई गेल्यापासून, बाईंनी सड्यावर पाऊल ठेवलेलं नाही.

त्या एक कुसळ चिमटीत धरून ओढतात. ते बोटात रुततं. रक्ताचा टिपका येतो, खराखुरा.

"मेली तरी खोड जात नाही," बाई म्हणतात.

साडेचारला त्या पर्समधला कागद काढतात आणि शिवणाच्या डब्यातली कात्री. मधला रकाना वरपासून खालपर्यंत सरळ कापतात. मागचा नकाशा त्याच्याबरोबर उभा चिरला जातो. त्या पट्टीला स्वयंपाकघरात शेगडीवर काडी लावतात, आणि राख होईपर्यंत तिथून हलत नाहीत. पहिला आणि तिसरा रकाना, उरलेल्या नकाशाची बाजू आत चिकटवून, एका कोऱ्या कागदावर डकवतात. तारीख आणि नाव. तेवीस मार्च, जगदाळे. तीस मार्च, कुबल. पुरावा मागणाऱ्याने मागावा. बघून घेऊ.

नारायणपेठ खुर्चीवरच राहते. दारामागून छत्री काढून, काठाला कुसळं लागलेल्या साडीनिशीच बाई पायऱ्या उतरतात, एकेक करून, कठडा धरून.

हॉलच्या दारात गुरुनाथ उभा आहे. गुच्छ हातात, कपाळाला घाम. बाईंचा अवतार बघून तो दचकतो. आधी छत्रीकडे बघतो, मग काठाकडे.

"बाई, ह्या काय? सड्यार गेल्लात काय? खंयसून इलात?"

बाई छत्री त्याच्या हातात देतात, नीट धर म्हणून सांगतात, आणि माइककडे चालायला लागतात.

"माहेराहून," त्या म्हणतात.